उडत्या पक्ष्याचा फोटो क्रॉप केल्यावर बिघडतो, तो नेमका कुठे?

हिवाळ्यात ठाणे खाडीवर फ्लेमिंगो उतरले की नवी मुंबईत ऐरोली, वाशी, सीवूड्सच्या बाजूला कॅमेरे घेऊन जाणाऱ्यांच्या त्याच तीन तक्रारी दर मोसमात ऐकू येतात. पंखाचं टोक कापलं गेलं. फोटो स्पष्ट आहे, डोळाही नेमका फोकसमध्ये आहे, पण क्रॉप केल्यावर पक्षी उडतोय असं वाटत नाही, हवेत टांगल्यासारखा दिसतो. आणि तिसरी, जरा आवळून क्रॉप घेतला तर फोटो फुटतो.

यावर लोक लेन्स बदलतात, बॉडी बदलतात, सॉफ्टवेअर बदलतात, आणि पुढच्या मोसमात तक्रार तीच असते. कारण तिन्हींचं मूळ एकच आहे. पक्ष्याभोवतीची रिकामी जागा म्हणजे वाया गेलेले पिक्सेल, असं आपण धरून चालतो. हालचालीच्या फोटोत ती जागा पक्ष्याच्या पुढच्या क्षणासाठी असते. ती खाडीवर असतानाच राखावी लागते. घरी कॉम्प्युटरवर तिची फक्त वाटणी करता येते.

आधी मूळ फाइल उघडा

क्रॉप केलेला फोटो बघून निदान होत नाही. कॅमेऱ्यातून आलेली, न कापलेली फाइल उघडा आणि चारही कडांवरून नजर फिरवा. पंख, चोच किंवा पाय तिथेच कापलेले असतील तर चूक फोटो काढताना झाली आहे. भोवती भरपूर जागा आहे आणि क्रॉपनंतरच फोटोतला जीव गेला, तर चूक वाटणीत आहे. आणि पक्षी फ्रेमच्या रुंदीच्या दहाव्या हिश्शाएवढाच असेल, तर त्या फोटोवर तासभर घालवू नका. तिथे वेळ आणि उभं राहायची जागा बदलणं हाच उपाय.

पंख का कापले जातात

चिखलात उभा असलेला फ्लेमिंगो व्ह्यूफाइंडरमध्ये अरुंद दिसतो. मान वळलेली, पंख मिटलेले. आपण त्या उभ्या पक्ष्याच्या मापाने झूम करतो. मग तो उडतो, आणि दोन-तीन पावलांत त्याला लागणारी जागा दुपटीहून जास्त होते. फ्रेम तीच राहते.

ठाणे खाडीत मोठा रोहित आणि छोटा रोहित असे दोन्ही फ्लेमिंगो येतात. मोठ्याच्या पंखांचा विस्तार साधारण १४० ते १६५ सेंमी, छोट्याचा साधारण ९० ते १०५ सेंमी. उडताना तो मान पुढे आणि पाय मागे सरळ ताणतो, त्यामुळे चोचीपासून पायापर्यंतची त्याची लांबी पंखांच्या विस्ताराच्या जवळपास जाते. म्हणजे बाजूने उडणाऱ्या फ्लेमिंगोला आडवी जितकी जागा लागते, जवळपास तितकीच उभीही लागते, कारण बर्स्टमधल्या, म्हणजे एका दमात काढलेल्या फोटोंच्या मालिकेतल्या, एका फ्रेममध्ये पंख पूर्ण वर असतात आणि पुढच्या एखाद्या फ्रेममध्ये पूर्ण खाली.

आता आपल्या फ्रेमचं माप घ्या. फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, ३६ बाय २४ मिमी असतो. पक्ष्याने रुंदीचा पाऊण हिस्सा भरला, म्हणजे २७ मिमी, तर पंखांच्या वर-खाली होण्यालाही सुमारे २७ मिमी हवेत, आणि उंची आहे २४. पंख कापले जाणार हे शटर दाबायच्या आधीच ठरलं. तोच पक्षी अर्ध्या रुंदीत, १८ मिमीत ठेवला तर वर-खाली मिळून ६ मिमी शिल्लक राहतात. तुमचं पॅनिंग, म्हणजे पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं, थोडं मागेपुढे झालं तरी निभावतं. लहान सेन्सरचा कॅमेरा असला तरी प्रमाण ३:२ असेल तर हिशेब हाच.

म्हणून सवय अशी लावा: पक्षी उभा असताना तो उडाल्यावर किती मोठा होईल ते डोळ्यांसमोर आणा आणि त्या मापाने झूम मागे घ्या. ६०० मिमीपर्यंत जाणारी लेन्स असली तरी उड्डाणाची वाट पाहताना ४००-४५० वर थांबा. उडता पक्षी अर्ध्या रुंदीपेक्षा मोठा होऊ देऊ नका. पॅनिंगचा हात बसलेला नसेल तर तिसऱ्या हिश्शावर समाधान माना. नव्या माणसाला हे फार जड जातं. महागडी लेन्स खरेदी केली आहे आणि तिचं टोक वापरायचं नाही, हे मनाला पटत नाही. पण पूर्ण पंखांचा लहान पक्षी मोठा करता येतो. कापलेला पंख परत येत नाही.

ब्राह्मणी घारीच्या बाबतीत आणखी थोडी सैल फ्रेम ठेवा. ती वळण घेताना एका कुशीवर कलते, आणि मग तिचे पंख फ्रेममध्ये तिरके किंवा जवळजवळ उभे होतात. आडव्या फ्रेममध्ये उंची कमी पडते ती इथेच. दिवाळे किंवा करावे गावाच्या बाजूला मासळीच्या आशेने घिरट्या घालणाऱ्या घारी याचा सराव करायला उत्तम. त्या सतत वळत असतात.

आणि मूळ फाइलमध्येच टोक कापलं गेलं असेल तर?

चोच, डोळा किंवा पायाची बोटं कडेला टेकून कापली गेली असतील तर फोटो सोडून द्या. पंखाचं टोक थोडंसं गेलं असेल तर ते तसंच ठेवू नका, कारण बघणाऱ्याची नजर पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात अडकते. ठामपणे आत या. एक पंख पूर्ण, दुसरा मध्यावर कापलेला, डोकं आणि मान यांना महत्त्व देणारी उभी फ्रेम करून बघा. कापायची जागा मात्र नीट निवडायची. पंख जिथे मोडतो त्या सांध्यावर कधीच कापू नका, तिथे कापलं की पक्षी जखमी वाटतो. सांध्याच्या पुढे, लांब उड्डाणपिसांच्या मध्यावर कापलं तर ते जाणूनबुजून केल्यासारखं दिसतं.

हल्ली सॉफ्टवेअरमध्ये कॅनव्हास वाढवून पंखाचं हरवलेलं टोक तयार करून मिळतं. मला हे मान्य नाही. जे पीस कॅमेऱ्याने पाहिलंच नाही ते त्या पक्ष्याचं नाही. शिवाय फियाप, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय, अमेरिकन आणि ब्रिटिश संस्थांची निसर्ग छायाचित्रणाची जी सामाईक व्याख्या आहे, तिच्यात क्रॉपला परवानगी आहे, पण फोटोत काही नव्याने घालणं, हलवणं किंवा क्रॉपशिवाय काढून टाकणं बसत नाही. त्या नियमांच्या स्पर्धेत असा फोटो बाद होईल.

टांगलेला पक्षी

इथे सगळ्यात जास्त फोटो वाया जातात, आणि दुःख याचं की ते वाचवता येण्यासारखे असतात.

क्रॉप टूल उघडलं की फ्रेमचे उभे-आडवे तीन भाग करणाऱ्या रेषा दिसतात. पक्ष्याचा डोळा त्या छेदबिंदूवर ठेवला की काम झालं, असं वाटतं. बसलेल्या पक्ष्याला ते पुरतं. हालचालीच्या फोटोत त्या रेषांआधी एक प्रश्न विचारावा लागतो: हा पक्षी पुढच्या अर्ध्या सेकंदात कुठे असणार आहे? ती जागा फ्रेममध्ये हवी.

बाजूने सरळ उडणारा बगळा असेल तर उत्तर सोपं आहे, पुढे जागा जास्त, मागे कमी. पण खाडीवर दिसणाऱ्या बऱ्याच हालचाली इतक्या सरळ नसतात.

फ्लेमिंगोचं उड्डाण घ्या. तो जागच्या जागी उडत नाही, पाण्यावर धावत वेग घेतो, आणि प्रत्येक पावलाला मागे पाणी उडतं. पाठीमागे राहिलेल्या त्या पावलांच्या ठशांतून तो धावला हे कळतं. 'पुढे जागा ठेवा' हा नियम पाठ असलेला माणूस मागची बाजू कापून टाकतो, आणि धावण्याची अख्खी गोष्ट निघून जाते. अशा फोटोत फ्रेम लांबट ठेवा. पुढे थोडी जागा, मागे पावलांची रांग पूर्ण. २:१ प्रमाणसुद्धा चालेल. रांगेतला शेवटचा शिंतोडा अर्धा कापला जाणार नाही एवढं बघा.

उतरताना उलट. पाय पुढे, पंख मागे ताणलेले, अंगाचा सगळा भार खाली येतोय. इथे समोरच्या जागेपेक्षा खालची जागा महत्त्वाची, जिथे पाय टेकणार आहेत ते पाणी दिसलं पाहिजे. पाय आणि पाणी यांच्यातलं अंतर हाच त्या फोटोतला ताण आहे. पाण्याचा पृष्ठभाग कापून फक्त पक्षी ठेवला तर तो उतरतोय की उठतोय हेच कळत नाही.

कवड्या खंड्या हा काळा-पांढरा मासेमार पक्षी पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली रोखलेली. पुढे जागा ठेवून काय उपयोग, तो पुढे जाणारच नाही. तो खाली झेपावणार आहे. उभी फ्रेम घ्या, पक्षी वरच्या भागात, खाली मोकळी जागा. सूर मारणारा सुरय असेल तरी हेच. सूर मारण्याआधी तो डोकं खाली वळवतो, ती फ्रेम बर्स्टमधून निवडा. चोच कुठे रोखली आहे ते बघून जागा द्या; पंखांची दिशा पाहून फसायला होतं.

येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर वेडा राघू भेटतो. तो फांदीवरून झेप घेतो, किडा हवेत पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो. त्याच्या सवयीने तुमचं अर्धं काम झालं आहे. फांदी फ्रेमच्या एका बाजूला ठेवा, ज्या बाजूने तो परत येतो ती बाजू मोकळी ठेवा, आणि थांबा. दोन-तीन झेपा नुसत्या बघा, कॅमेरा न उचलता. परतीची वाट कळते. इथे घरी येऊन क्रॉप जवळजवळ करावाच लागत नाही.

दोन पक्षी भांडत असतील, म्हणजे एकाच्या तोंडातला मासा दुसरी घार हिसकावतेय, तर जागा त्या दोघांच्या मध्ये असते. ते मधलं अंतर फ्रेमच्या मध्यावर आलं तरी बिघडत नाही. लोक इथे एकाला नायक करून दुसऱ्याची शेपटी कापतात, आणि भांडण संपून जातं.

एक सोपी परीक्षा सांगतो. क्रॉप केलेला फोटो आडवा उलटा करून बघा, डावं ते उजवं. नजरेला सवय झालेली असते ती मोडते, आणि जागा चुकीच्या बाजूला गेली असेल तर लगेच खटकते. मग परत सरळ करून ठेवा.

ऑटोफोकसबद्दल थोडक्यात. जुन्या डीएसएलआरमध्ये फोकसचे बिंदू मध्याभोवती असतात, त्यामुळे पक्षी मध्ये ठेवून काढणं आणि नंतर वाटणी करणं यात काही गैर नाही. फक्त झूम मागे ठेवा म्हणजे वाटणी करायला जागा उरेल. आरसा नसलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये पक्षी ओळखणारा फोकस जवळजवळ पूर्ण फ्रेमभर चालतो. तो असेल तर पक्षी सुरुवातीपासूनच एका बाजूला ठेवून पॅन करण्याचा सराव करा.

फक्त शेपट्याच का मिळतात

हा क्रॉपचा प्रश्न म्हणून विचारला जातो, पण उत्तर वाऱ्यात आहे. मोठे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उठतात आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात.

नवी मुंबईचा किनारा खाडीच्या पूर्वेला आहे. पाम बीच रोडच्या बाजूने खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की तुम्ही पश्चिमेकडे बघता. सकाळी ऊन पाठीमागून येतं आणि पक्ष्यावर समोरून पडतं. हिवाळ्याच्या सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून खाडीकडे जाणारा वारा असेल तर पक्षी तुमच्या दिशेने तोंड करून उठतात. चेहरा मिळतो, डोळ्यात चमक मिळते. दिवस चढला की खारा वारा सुटतो, दिशा फिरते, आणि त्याच जागेवरून उडणारे पक्षी पाठ करून जाऊ लागतात. त्याच वेळी ऊनही डोक्यावर येतं. कितीही निगुतीने क्रॉप करा, पाठ ती पाठच.

मग भरतीचं गणित. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलात चरतात. भरतीचं पाणी चढून चिखल झाकला की ते उठून सीवूड्सच्या एनआरआय, टी. एस. चाणक्य, डीपीएस अशा पाणथळींत विसावायला येतात. उड्डाणं मिळतात ती या जाण्यायेण्यात, पूर्ण भरतीच्या आधी आणि नंतर. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची अंदाजे वेळ काढतात. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. हा ढोबळ हिशेब आहे, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. पण त्यातून एक गोष्ट ध्यानात येते: पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी भरपूर चढतं, पक्षीही भरपूर हलतात, पण भरती भर दुपारच्या सुमारास येते. प्रकाश कडक, हवा थरथरणारी. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी कमी चढतं. मला स्वतःला दशमी ते द्वादशीच्या सकाळी सगळ्यात आवडतात. पाणी पुरेसं, ऊन अजून तिरकं.

तिरकं पाणी आणि मागचे टॉवर

क्रॉप करण्याआधी फोटो सरळ करा, नंतर नाही. फिरवताना कोपरे कापले जातात आणि जपून ठेवलेली जागा तिथेच जाते. ३:२ प्रमाणाचा फोटो ३ अंशांनी फिरवून तेच प्रमाण राखलं तर रुंदी सुमारे ७ टक्क्यांनी घटते आणि एकूण पिक्सेल सुमारे १४ टक्के जातात. ऐरोलीहून खाडीत जाणाऱ्या होडीतून काढलेल्या फोटोंत ३ अंश म्हणजे काहीच नाही. होडीत बसून काढा, आणि लेन्स कठड्यावर टेकवू नका, इंजिनाची थरथर तिच्यात उतरते.

सरळ करताना पलीकडच्या कांदळवनाची रेघ बघून फसू नका. किनारा तुमच्यापासून तिरका दूर जात असेल तर कॅमेरा सरळ असूनही ती रेघ तिरकी दिसते. शांत पाणी असेल तर प्रतिबिंब बघा. पक्ष्याचं डोकं आणि पाण्यातलं त्याचं डोकं एकाच उभ्या रेषेत आलं पाहिजे. ही खूण चुकत नाही.

प्रतिबिंब ठेवायचं असेल तर पूर्ण ठेवा, नाहीतर स्पष्टपणे कमी ठेवा. शेकाट्यासारख्या लांब पायांच्या पक्ष्याचं प्रतिबिंब मानेवर कापलं की ते अपघातासारखं दिसतं. पायांच्या खाली थोडंसं पाणी ठेवून तिथेच थांबलेलं बरं.

खाडीवरून गेलेल्या विजेच्या तारा, टॉवर, पूल, पाम बीचच्या इमारती यांचं काय करायचं, हा प्रश्न इथल्या माणसाला सुटत नाही. तार पक्ष्याच्या डोक्यातून किंवा मानेतून जात असेल तर क्रॉप निरुपयोगी, बर्स्टमधली पुढची-मागची फ्रेम शोधा. पण इमारती सरसकट कापून टाकू नका, असं मला मनापासून वाटतं. हा पक्षी शहराला टेकलेल्या खाडीत राहतो. पाच-सहा उडते फ्लेमिंगो आणि मागे धूसर इमारतींची रांग, यात या जागेचं जे खरं येतं ते कोऱ्या आभाळात येत नाही. अट एवढीच की इमारत पूर्ण कळावी. कडेला अडकलेला अर्धा टॉवर किंवा क्रेनचा तुकडा असेल तर तो कापा.

फोटो फुटतो

इथे आकडे सरळ आहेत. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० बाय ४००० असते. रुंदी अर्धी केली तर ३००० बाय २०००, म्हणजे ६ मेगापिक्सेल. अर्धी केली असं वाटतं, पण तीन चतुर्थांश पिक्सेल गेलेले असतात. रुंदीचा तिसरा हिस्सा घेतला तर पावणेतीन मेगापिक्सेलही उरत नाहीत. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात, जिथे फाइल ८२५६ बाय ५५०४ असते, तिसऱ्या हिश्शाला ५ मेगापिक्सेलच्या आसपास उरतात. मोबाइलवर १०८० बाय १३५० च्या पोस्टसाठी हे सगळं चालून जातं. प्रिंटला चालत नाही: ३००० बाय २००० ची प्रिंट इंचाला ३०० पिक्सेलने १० इंच रुंद निघते. १२ बाय १८ इंचांची प्रिंट २०० पिक्सेलने काढायची म्हटली तरी ३६०० बाय २४०० लागतात.

पण फुटण्याचं कारण नेहमी पिक्सेलच नसतात. रुंदी अर्धी करून तेवढ्याच आकारात पाहिलं की नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, दोन स्टॉप (दोनदा दुप्पट) वाढल्यासारखा दिसतो, आयएसओ (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा) १६०० चा फोटो ६४०० सारखा. हात हलल्याची धूसरताही दुप्पट होते. म्हणून जोरात क्रॉप करावा लागणार हे माहीत असेल तर १/१००० सेकंदावर भागवू नका, १/२००० किंवा त्याहून वेगवान शटर घ्या. तुतवारासारख्या लहान, चपळ पक्ष्यांना १/३२००. उजेड कमी असेल आणि आयएसओ फार चढत असेल, तर त्या सकाळी आवळून क्रॉप करायचा बेत सोडा. पक्षी लहान ठेवून मोठं दृश्य घ्या.

ऊन तापल्यावर चिखलावरची हवा थरथरते. लांबच्या पक्ष्याची पिसं त्यात विरघळतात आणि लेन्सला दोष दिला जातो. ओळखायची खूण: बर्स्टमधल्या एका फ्रेममध्ये पक्ष्याच्या कडा एका बाजूला वाकलेल्या, पुढच्यात दुसऱ्या बाजूला. शार्पनिंगने हे वाढतं. मॉनिटरवर शंभर टक्क्यांवर जाऊन डोळा बघा. त्यातली चमक वेगळी दिसत असेल तर क्रॉपला वाव आहे, नसेल तर नाही.

जवळ जाणं हा उपाय नाही

पिक्सेल कमी पडतात म्हणून जवळ जायचं, आणि पक्षी उडत नाहीत म्हणून त्यांना उडवायचं, ही पळवाट काही जण काढतात. टाळ्या, दगड, होडी थव्यात घालायला सांगणं. हे करू नका, आणि करणाऱ्याला थांबवा. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, सुमारे १६९० हेक्टरचं, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा, मिळाला. तिथल्या पक्ष्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. पण कायद्याआधी साधी गोष्ट बघा: भरतीला ते पाणथळीत येतात ते विसाव्यासाठी. आपण उठवलेला प्रत्येक थवा तो विसावा गमावतो, आणि आसपास जाण्यासारख्या जागा आता कमी उरल्या आहेत. शिवाय घाबरून उडालेला थवा फोटोत ओळखू येतो. माना वेगवेगळ्या दिशांना, रांग विस्कटलेली, सगळे तुमच्यापासून दूर जाणारे. क्रॉप हे साधन आहेच अशासाठी की आपण लांब थांबू शकतो.

थवा आणि ठरावीक चौकट

थव्यात क्रॉपची कड कुठे टाकायची हे ठरवायला आधी फटी शोधा. दोन पक्ष्यांमध्ये कड जाऊ शकेल अशी मोकळी जागा जवळजवळ नेहमी सापडते, फक्त ती आपल्याला हव्या त्या प्रमाणात बसत नाही. मग प्रमाण सोडा, फट सोडू नका. रांगेतला पहिला पक्षी आणि त्याच्या पुढची जागा वाचवा. शेवटून कापायचं असेल तर एकमेकांवर चढलेले पक्षी आधी जाऊ द्या. कुठेच फट नसेल इतका दाट थवा असेल तर चारही बाजूंनी थव्याच्या आत शिरा, म्हणजे कापलेले पंख सगळ्या कडांना सारखे येतील आणि गुलाबी-काळ्या रंगांची नक्षी उरेल. तीन कडा मोकळ्या आणि चौथीवर अर्धा पक्षी, हे मात्र कधीच जमत नाही.

लांब रांगेत उडणारे फ्लेमिंगो उभ्या ४:५ मध्ये कोंबले की दोन-तीनच उरतात आणि त्यांचं एका लयीत उडणं दिसेनासं होतं. असा फोटो ३:१ मध्ये कापा, वर-खाली पट्टी आली तर येऊ द्या. उभ्या पोस्टसाठी थव्यातला पुढचा एकटा पक्षी निवडून त्याची वेगळी कॉपी करा. दोन क्रॉप दोन वेगळे फोटो म्हणून ठेवा आणि मूळ रॉ फाइलला (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलला) हात लावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून गेला की तो आणखी आकसतो, आणि समोरचा म्हणतो फोटो फुटला.